चोर सोडून संन्याशाला सूळ नको

गुडघेदुखीवर घरच्या घरी करता येतील असे व्यायाम समजावून सांगणारी एखादी फिजिओथेरपिस्ट, मधुमेहींसाठी भाकरी-भाजीचे गणित मांडणारी आहारतज्ज्ञ, दहावीचे विज्ञान फळ्यावर शिकवणारा तालुक्याच्या गावचा शिक्षक. गेल्या काही वर्षांत अशा असंख्य माणसांनी आपले ज्ञान मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मांडले. त्यातून काहींची चूल पेटते, काहींचा दवाखाना वा शिकवणी चालते, काहींना नुसते समाधान मिळते. या सगळ्यांना एक अनुभव मात्र हटकून येतो. आपलाच व्हिडीओ आपले नाव कापून भलत्याच पानावर फिरताना दिसतो, आणि मूळ व्हिडीओला मिळाले नसतील इतके प्रेक्षक त्या नकलेला मिळालेले असतात.

हा प्रश्न फक्त पैशांचा किंवा मानापमानाचा असता तर त्याची चर्चा आरोग्य-विज्ञानाच्या स्तंभात करण्याचे कारण नव्हते. पण आरोग्याच्या मजकुराची चोरी होते तेव्हा सर्वांत आधी कापली जाते ती सूचना. ‘सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर हा व्यायाम करू नका’, ‘मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारा’ ही वाक्ये कंटाळवाणी असतात. तीस सेकंदांच्या तुकड्यात ती बसत नाहीत. मूळ व्हिडीओत चूक सापडली तर कर्ता ती दुरुस्त करतो, खाली खुलासा लिहितो. नकलेला मात्र कोणी वाली नसतो. ती चुकीसकट फिरत राहते आणि एखाद्या तेलाच्या वा चूर्णाच्या जाहिरातीला जोडली जाते. म्हणून अनधिकृत नकला शोधणे आणि हटवणे हा जसा हक्काचा प्रश्न आहे तसाच तो सार्वजनिक हिताचाही आहे. आणि हे काम आज प्रामुख्याने यंत्र करते. ते कसे करते आणि कुठे चुकते, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर मत बनवण्यात अर्थ नाही.

यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक चित्रफिती चढवल्या जातात, असा आकडा सर्रास दिला जातो. इतके सारे माणसांनी बसून पाहणे अशक्य. त्यामुळे तुलना संगणकावर सोपवावी लागते. पण संगणकाने तरी तुलना कशाची करायची? संगणकशास्त्रात फाइलचा ठसा काढण्याची एक जुनी पद्धत आहे. एसएचए-२५६ सारखे गणिती सूत्र कितीही मोठ्या फाइलचे रूपांतर एका ठरावीक लांबीच्या आकड्यात करते. दोन फाइलींचे आकडे जुळले की त्या तंतोतंत एकच आहेत असे मानता येते. पण फाइलीतला एक ठिपका बदलला तरी हा आकडा पूर्णपणे बदलतो. बँकेच्या व्यवहारात हा गुण ठरतो. चोर पकडताना मात्र तोच दोष होतो, कारण चोराने चित्राची कड जराशी कापली की ठसा बदलला आणि तो सुटला.

म्हणून चोर पकडणारी यंत्रे वेगळा ठसा वापरतात. तो फाइलचा नसतो, माणसाच्या डोळ्याला आणि कानाला जे जाणवते त्याचा असतो. चित्राचे उदाहरण घेऊ. फोटो लहान करत करत नऊ रकाने आणि आठ ओळी एवढाच ठेवायचा. रंग काढून टाकायचे. मग प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन ठिपक्यांपैकी कोणता अधिक उजळ आहे एवढेच पाहायचे आणि एक किंवा शून्य लिहायचे. आठ ओळींतून प्रत्येकी आठ उत्तरे, म्हणजे ६४ अंकांची एक माळ तयार होते. फोटो थोडा फिकट केला, आकार बदलला, पुन्हा पुन्हा पाठवून तो खराब झाला, तरी उजेड-अंधाराची ही ठेवण फारशी बदलत नाही. दोन माळांतले मोजकेच अंक वेगळे निघाले तर चित्र एकच असण्याची शक्यता दाट. प्रत्यक्षातील यंत्रणा याहून बऱ्याच गुंतागुंतीच्या असतात, पण गाभा हाच.

आवाजाचेही तसेच. गाणे ऐकून त्याचे नाव सांगणारी ‘शाझम’ ही सेवा ब्रिटनमध्ये २००२ मध्ये सुरू झाली. तिच्यामागचे तंत्र एव्हरी वँग यांनी २००३ मध्ये शोधनिबंधातून मांडले. ध्वनीचा आलेख काढायचा, त्यातली सर्वांत ठळक शिखरे तेवढी ठेवायची आणि बाकीचे सोडून द्यायचे. रात्रीच्या आभाळात ठळक ताऱ्यांवरून नक्षत्र ओळखावे तसे दोन शिखरांमधले अंतर आणि त्यांची उंची यांवरून गाणे ओळखले जाते. आजूबाजूला कपबश्यांचा खडखडाट असला तरी ठळक तारे दिसतच राहतात. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा २००७ पासून अशाच ठशांच्या आधारे काम करते. हक्कदार आपली मूळ ध्वनिफीत वा चित्रफीत तिच्याकडे देतो. नवी प्रत्येक फीत त्या ठशांशी पडताळली जाते. जुळणी झाली की हक्कदाराने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे ती रोखली जाते, तिच्या जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळवले जातात किंवा नुसती नोंद ठेवली जाते.

चोरही स्वस्थ बसत नाहीत. चित्र आरशातल्यासारखे उलटे करणे, भोवती चौकट घालणे, आवाजाची पट्टी किंवा वेग किंचित बदलणे, कोपऱ्यात दुसरेच काही चालू ठेवणे, असे उपाय कोणत्याही भुरट्या पानावर पाहायला मिळतात. ते पकडायचे तर यंत्राला जुळणीची अट सैल करावी लागते. आणि अट सैल केली की निर्दोष माणसेही जाळ्यात येतात. ग्यानबाची मेख इथेच आहे.

वैद्यकशास्त्राला हा पेच नवा नाही. कोणतीही चाचणी रोग असलेल्या किती जणांना पकडते आणि रोग नसलेल्या किती जणांना विनाकारण घाबरवते, ही दोन वेगवेगळी मापे आहेत. आणि रोग दुर्मीळ असेल तर चांगली चाचणीही फसवते. समजा, एखाद्या मंचावर दिवसाला एक कोटी फिती चढतात आणि त्यांतली हजारात एक चोरीची आहे. म्हणजे दहा हजार चोरीच्या. यंत्र शंभरातल्या ९९ चोऱ्या पकडते आणि शंभरातल्या एकाच निर्दोष फितीवर चुकून बोट ठेवते, असे धरू. ऐकायला हे उत्तम वाटते. पण हिशेब केला तर ९,९०० चोर सापडतात आणि त्यांच्यासोबत ९९,९०० निर्दोषही. म्हणजे पकडलेल्या अकरांपैकी जेमतेम एक खरा चोर. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष यंत्रणांच्या चुकांचे प्रमाण वेगळे आणि पुष्कळ कमी असू शकते. तरीही धडा तोच राहतो. इतक्या अफाट संख्येत चुकीचे प्रमाण अगदी लहान असले तरी चुकांची संख्या मोठी असते. म्हणूनच चाळणी चाचणीचा निकाल हाती आला म्हणून डॉक्टर लगेच शस्त्रक्रिया करत नाहीत, खात्रीची दुसरी चाचणी करतात. इंटरनेटवर मात्र पहिल्याच चाचणीवर शस्त्रक्रिया उरकली जाते.

याचे मासले विज्ञानाच्याच क्षेत्रात आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ ही बग्गी मंगळावर उतरली. तो क्षण टिपणारी नासाची स्वतःची चित्रफीत काही वेळातच यूट्यूबवरून गायब झाली, कारण एका वृत्तसमूहाच्या नावाने तिच्यावर हक्क सांगितला गेला होता. अमेरिकी सरकारी संस्थेच्या अशा चित्रणावर तिथल्या कायद्याने स्वामित्वहक्कच नसतो. वृत्तवाहिनीने ते आपल्या बातमीत वापरले आणि मग मूळ चित्रणच नक्कल ठरले. नासा होती म्हणून फीत लवकर परत आली. २०१८ च्या आरंभी ऑस्ट्रेलियातील एका संगीतज्ज्ञाचा किस्सा गाजला. त्याने दहा तासांचा निव्वळ खरखराट, ज्याला ‘व्हाइट नॉइज’ म्हणतात तो, स्वतः संगणकावर तयार करून चढवला होता. त्यावर पाच हक्कदावे आले. ज्या आवाजात कोणतीही ठेवण नाही, तोही कोणाच्या तरी मालकीचा निघाला.

हे अपवाद म्हणून सोडून देता येणार नाहीत. यूट्यूबने २०२१ च्या पहिल्या सहामाहीबाबत प्रसिद्ध केलेल्या अहवालात ‘कंटेंट आयडी’चे ७२ कोटींहून अधिक दावे नोंदवले आहेत. त्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी दाव्यांना आव्हान दिले गेले. पण ज्यांना दिले गेले त्यांतले सुमारे ६० टक्के दावे आव्हान देणाऱ्याच्या बाजूने निकाली निघाले. चुकीचे ठरलेले असे दावे २२ लाख होते. कंपनी पहिल्या आकड्याकडे बोट दाखवून यंत्रणा अचूक असल्याचे सांगते. पण आव्हान न देणाऱ्या सगळ्यांना दावा मान्य होता, असे कसे म्हणता येईल? तीन ताशेरे बसले की वाहिनीच बंद होऊ शकते, ही भीती डोक्यावर असताना लहान माणूस भांडत बसत नाही. तो गुपचूप व्हिडीओ काढून टाकतो.

यंत्राला आणखी एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे हेतू. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ नुसार खासगी अभ्यास व संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर हा हक्कभंग ठरत नाही. अध्यापनासाठीही स्वतंत्र सवलती आहेत. एखाद्या बनावट औषधाच्या जाहिरातीतील दाव्यांची चिरफाड करणाऱ्या डॉक्टरला ती जाहिरात थोडी तरी दाखवावीच लागते. यंत्राच्या लेखी जाहिरात दाखवणारा आणि तिची पोलखोल करणारा दोघे सारखेच. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये हाच मुद्दा अधोरेखित केला. वैध आणि अवैध मजकुरात पुरेसा फरक करू न शकणारी चाळणी अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी सुसंगत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले.

हक्काची सीमाही नीट समजून घ्यायला हवी. कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. आसनांच्या २६ स्थिती आणि दोन श्वसनप्रकार यांच्या विशिष्ट क्रमावर हक्क सांगणाऱ्या एका योगसंस्थेचा दावा अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला. आरोग्यासाठीची पद्धत ही कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही, हा त्यामागचा विचार. तेव्हा कोणी सूर्यनमस्कार दाखवले म्हणून दुसऱ्याने ते दाखवू नयेत असे होत नाही. त्याचे चित्रण, त्याचे शब्द, त्याचे रेखाटन जसेच्या तसे उचलणे हा मात्र गुन्हा ठरू शकतो. शिवाय कलम ५७ नुसार कृतीवर आपले नाव असण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा कर्त्याचा हक्क वेगळा आहे. सूचना कापून आणि नाव पुसून व्यायामाची फीत फिरवणारा माणूस या दोन्हींवर घाव घालतो.

एका टोकाला संन्याशी सुळावर चढत असताना दुसऱ्या टोकाला खरे चोर निवांत आहेत. ‘उडता पंजाब’ हा चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शनापूर्वीच इंटरनेटवर फुटला, तेव्हा त्या प्रतीवर परिनिरीक्षणासाठीची खूण दिसत होती. त्यामुळे ती कुठल्या वाटेने बाहेर पडली असावी याचा अंदाज तरी बांधता आला. आता डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा प्रत्येक प्रतीत वेगवेगळ्या पेरता येतात. मोठ्या निर्मात्यांना हे परवडते. २०२३ मध्ये चित्रपट कायद्यात सुधारणा होऊन चोरट्या चित्रीकरणासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूदही झाली. पण शिकवणीच्या नोट्स, दिवाळी अंकांची वा पुस्तकांची पीडीएफ, दैनिकांचे ई-अंक यांचे काय? हे सगळे टेलिग्रामच्या गटांतून पहाटेपासून फिरत असते. २०२० मध्ये एका हिंदी वृत्तपत्रसमूहाला आणि पुढे दिल्लीतील एका शिक्षिकेला यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. एक वाहिनी बंद केली की दुसरी उघडते, हा त्या शिक्षिकेचा अनुभव होता. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने टेलिग्रामला त्या वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती देण्यास सांगितले. न्यायालयात जाऊन वर्षानुवर्षे झगडण्याची ऐपत किती शिक्षकांकडे असते?

‘कंटेंट आयडी’चे दारही सर्वांना खुले नाही. ते मोठा संग्रह आणि मोठी हक्कयादी असणाऱ्यांसाठी आहे. यूट्यूबने २०१८ मध्ये लहान कर्त्यांसाठी जुळणी दाखवणारे साधन आणले, पण ते प्रामुख्याने अख्ख्या फितीची जवळपास तशीच नक्कल पकडते. तुकडे करून केलेली चोरी त्याच्या नजरेतून सहज सुटते. म्हणजे ज्याच्याकडे वकील आहेत त्याच्याकडेच यंत्रही आहे, आणि ज्याला दोन्हींची गरज आहे त्याने एकेक दुवा हाताने शोधत अर्ज भरायचे. अर्जाची ही सोय उलटीही वापरली जाते. अडचणीची बातमी एखाद्या बनावट पानावर जुनी तारीख टाकून चिकटवायची आणि मूळ बातमीच आपली नक्कल असल्याची तक्रार करायची, ही युक्ती जगभर वापरली गेली आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

भारतीय कायद्याने या पेचात मधला मार्ग काढण्याचा प्रयत्न केला आहे. २०१३ च्या नियमांनुसार हक्कदाराने कृतीचे वर्णन, मालकीचा आधार, नेमका दुवा आणि हा वापर कलम ५२ च्या सवलतीत बसत नाही याचे विवेचन देऊन लेखी तक्रार केली, तर मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. पुढच्या २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा दाखवता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही २०१६ मध्ये ‘मायस्पेस’ प्रकरणात स्पष्ट केले, की चोरी होत असावी एवढी मोघम जाणीव पुरेशी नाही, कंपनीला नेमकी कोणती कृती हे कळवले गेले पाहिजे. रचना समतोल आहे. अडचण अशी की हे दोन्ही टप्पे व्यवहारात बड्यांच्याच सोयीचे आहेत. कर्ता जिथे राहतो वा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दाद मागण्याची मुभा कलम ६२ देते खरी, पण २१ दिवसांत आदेश मिळवणे नागपूर वा सोलापुरातल्या लहान कर्त्याला किती शक्य आहे? आणि बहुतेक वाद मुळात या नियमांपर्यंत पोहोचतच नाहीत. ते कंपन्यांच्या स्वतःच्या अटींनुसार, यंत्राच्या निकालावर आणि बंद दाराआड संपतात.

त्यामुळे मागणी यंत्र बंद करण्याची नव्हे, त्याला शिस्त लावण्याची हवी. पहिली गोष्ट, ठशांची ही सोय लहान कर्त्यांनाही मिळाली पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाच्या हाती फिती अडवण्याची सत्ता देण्याची गरज नाही. नक्कल सापडली एवढे कळवणारी आणि निर्णय माणसाकडे पाठवणारी व्यवस्था पुरेशी आहे. दुसरी, आरोग्य, विज्ञान, बातमी आणि समीक्षा या गटांतील मजकूर केवळ यंत्राच्या जुळणीवर हटवला जाऊ नये. खात्रीच्या दुसऱ्या चाचणीप्रमाणे इथे माणसाची नजर हवी, आणि ती मराठीसह भारतीय भाषा जाणणाऱ्याची हवी. सूचना कापली गेली आहे की नाही हे भाषा न समजणाऱ्याला कळणार नाही. तिसरी, खोट्या दाव्यांना किंमत मोजावी लागली पाहिजे. बिनबुडाच्या कायदेशीर धमक्यांविरुद्ध दाद मागण्याची तरतूद कलम ६० मध्ये आहे, पण कंपन्यांच्या अंतर्गत यंत्रणेत वारंवार खोटा दावा करणाऱ्याला फारशी झळ बसताना दिसत नाही. चौथी, भारतातून किती तक्रारी आल्या, किती मजकूर हटला, किती परत आला आणि चुका किती झाल्या, याची माहिती ठरावीक काळाने जाहीर व्हावी. औषधाचे दुष्परिणाम नोंदवल्याशिवाय औषध सुरक्षित आहे असे कोणी मानत नाही. या यंत्रांनाही तोच न्याय लावायला हवा.

कर्त्यांनीही थोडी तजवीज करून ठेवणे शहाणपणाचे. भारतात स्वामित्वहक्क कृती निर्माण होताच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर पुरावा लागतो. म्हणून मूळ न कापलेली फाइल, चित्रीकरणाच्या तारखा आणि मसुदे जपावेत. नाव कोपऱ्यात न ठेवता चित्राच्या मधल्या भागात असावे, म्हणजे ते सहज कापता येत नाही. आरोग्याची महत्त्वाची सूचना शेवटी एकदा न सांगता व्यायामाच्या किंवा पाककृतीच्या मध्येच सांगावी आणि पडद्यावर लिहावी. नक्कल सापडली तर तक्रारीआधी दुवा, तारीख आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. एरवी चोर मजकूर काढून मोकळा होतो आणि पुरावा उरत नाही.

उरतो तो वाचक आणि प्रेक्षक. गटात आलेला तुकडा पुढे ढकलण्यापूर्वी तो मुळात कोणाचा, हे शोधायला अर्धे मिनिट लागते. मूळ पान सापडले तर तोच दुवा पाठवावा, तुकडा नव्हे. कर्त्याला त्याचे श्रेय मिळते आणि पाहणाऱ्याला कापली गेलेली सूचना मिळते. दुखऱ्या गुडघ्यासाठी या दोन्हींपैकी दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे.